वाळूत दडलेली विजेरी

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये पावसाळा आला की घरोघरी एक काम निघते. ओल धरलेल्या भिंतीवरची बटणे तपासायची, गिझरचे अर्थिंग पाहून घ्यायचे आणि मुलांना पुन्हा एकदा बजावायचे, "ओल्या हाताने स्वीच लावू नकोस." अशाच एका मराठी घरात वायरमन गिझर उघडून बसला असताना तिसरीतल्या मुलीने त्याला विचारले, "काका, समुद्रात एक मासा शॉक देतो म्हणे. तोही पाण्यात आणि ज्याला शॉक बसतो तोही पाण्यात. मग त्याचा शॉक त्यालाच कसा बसत नाही?" वायरमन हसला, आई विचारात पडली आणि प्रश्न आमच्याकडे आला.

प्रश्न लहान मुलीचा असला तरी साधा नाही. त्याचे उत्तर शोधताना मोठमोठ्या शास्त्रज्ञांना काही शतके लागली. त्या शोधात आपल्या खिशातील विजेरी जन्माला आली आणि नागाच्या विषाने माणसाची पापणी का मिटते, याचाही उलगडा झाला. म्हणून आज या माशाचीच गोष्ट सांगायची आहे.

कोकणच्या बाजारात पाकट नावाचा चपटा, पतंगाच्या आकाराचा मासा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या चाबकासारख्या शेपटीवर विषारी काटा असतो. आपला मासा त्याच्याच जातकुळीतला, पण त्याला काटा नाही. अंग गोल, मऊ आणि गुबगुबीत, जणू तव्यावरचे जाड थालीपीठ. शेपूट आखूड, डोळे बारीक, पोहणे संथ. आपण त्याला वीजपाकट म्हणू. जगात त्याच्या साठाहून अधिक जाती आहेत. अरबी समुद्रातही काही जाती सापडतात. त्यांतल्या बऱ्याचशा वीत-दीड वीत लांबीच्या असतात. अटलांटिक महासागरातील सर्वांत मोठी जात मात्र पावणेदोन मीटरपर्यंत वाढते आणि तिचे वजन नव्वद किलोपर्यंत जाते.

दिवसा हा मासा वाळूत किंवा चिखलात अंग पुरून घेतो. वर दिसतात ते फक्त दोन डोळे आणि श्वासाची दोन छिद्रे. जवळून जाणाऱ्या छोट्या माशाला तळाची वाळू म्हणजे वाळूच वाटते. तो आवाक्यात आला की वीजपाकट एकदम उसळतो, आपल्या अंगाची घडी त्याच्याभोवती घालतो आणि त्याच क्षणी विजेचे झटके सोडतो. झटका एक नसतो. काही सहस्रांश सेकंदांचा एक, असे एकामागून एक अनेक, कधी शेकडो झटके. शिकारीचे स्नायू आखडतात आणि तिला पळता येत नाही. मग पाकट सावकाश अंग हलवून तिला तोंडाकडे सरकवतो. स्वतः संथ असूनही चपळ मासे खाण्याची ही त्याची युक्ती.

सगळ्याच जाती अशी शिकार करत नाहीत. आपल्याकडे सापडणाऱ्या लहान जातींच्या अटलांटिकमधील नातेवाइकांचा अभ्यास झाला आहे. ते चिखलातील किडे नळीसारखे तोंड बाहेर काढून ओढून घेतात. किड्यांसाठी वीज कशाला खर्च करायची? ते आपली वीज राखून ठेवतात ती शत्रूसाठी. मोठ्या माशाने तोंडात धरले किंवा कुणाचा पाय पडला, तरच झटका. या माशांची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. बोटाएवढे ते पिल्लू जन्मल्याबरोबर आपला छोटासा झटका देऊ शकते.

ही काटकसर त्याला करावीच लागते. लागोपाठ झटके दिले की प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा दुबळा होत जातो. मासा थकतो आणि पुन्हा भरून येण्यासाठी त्याला विश्रांती घ्यावी लागते. वीज ही त्याच्या अन्नातूनच तयार होते. तिचे बिल त्याला भुकेच्या रूपाने भरावे लागते.

हजार चकत्यांची चळत

वीजपाकटाला उलटे करून पाहिले तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कातडीखाली, मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन मोठे अवयव जाणवतात. त्यांवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. मोठ्या जातींत हे दोन अवयव मिळून माशाच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा भरतात. पोळ्यातील प्रत्येक घर म्हणजे एका उभ्या खांबाचे टोक. आणि प्रत्येक खांब म्हणजे चकत्यांसारख्या चपट्या पेशींची चळत, नाण्यांची एकावर एक रचावी तशी. एका खांबात अशा कित्येक शे पेशी असतात आणि एकेका बाजूला असे कित्येक शे खांब.

एका पेशीची वीज ती किती? एका व्होल्टचा सुमारे दहावा भाग. एवढ्याने मुंगीही दचकणार नाही. पण विजेरीत आपण सेल एकापुढे एक ठेवतो तेव्हा काय होते? दीड व्होल्टचे दोन सेल मिळून तीन व्होल्ट होतात. येथे पाचशे चकत्या एकावर एक आल्या की पन्नास व्होल्ट झाले. आणि शेजारी शेजारी शेकडो खांब असल्यामुळे त्या पन्नास व्होल्टच्या मागे जोरदार प्रवाह उभा राहतो. लहान जातींचा झटका आठ-दहा व्होल्टपासून सुरू होतो. मोठ्या अटलांटिक जातीसाठी २२० व्होल्टपर्यंतची नोंद आहे. तिच्या एका झटक्याची शक्ती घरातल्या इस्त्रीइतकी, म्हणजे हजार वॅटपर्यंत भरू शकते. फरक इतकाच की ती निमिषभरासाठी असते.

येथे निसर्गाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दक्षिण अमेरिकेतील नद्यांमध्ये वीज सोडणारा ईल मासा आहे. त्याच्या एका जातीत ८६० व्होल्ट मोजल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मग समुद्रातील पाकट इतका मागे का? कारण पाणी वेगळे. नदीचे गोडे पाणी विजेला सहज वाट देत नाही, तेथे दाब जास्त लागतो. म्हणून ईलची चळत लांबच लांब. समुद्राचे खारे पाणी विजेला मोकळी वाट देते, तेथे दाबापेक्षा प्रवाह महत्त्वाचा. म्हणून पाकटाचे खांब आखूड, पण संख्येने भरपूर.

आता त्या मुलीचा प्रश्न. वीज नेहमी सोपी वाट शोधते. समुद्राचे पाणी हे माशाच्या मांसापेक्षा चांगले वाहक आहे. पाकटाच्या खांबांतून वीज पाठीकडून बाहेर पडते आणि पाण्यातून फिरून पोटाच्या बाजूने परत येते. खांबांच्या मध्ये आणि भोवती पडदे असतात, ते तिला आडवे पाझरू देत नाहीत. शिवाय झटका इतका अल्पकाळ टिकतो की माशाच्या हृदयाला इजा व्हायला सवडच मिळत नाही. शिकार मात्र नेमकी त्या वाटेवर, पाठ आणि पोट यांच्या मधल्या पाण्यात सापडलेली असते. विजेच्या घरात राहूनही हा मासा सुरक्षित राहतो, तो हा असा.

वैद्याच्या टोपलीतून प्रयोगशाळेत

माणसाला या माशाची ओळख फार जुनी. ग्रीक लोक त्याला बधिरता या अर्थाच्या शब्दाने ओळखत. गुंगीच्या औषधांना आपण नार्कोटिक म्हणतो, तो शब्द त्याच मुळातला. लॅटिनमध्ये त्याचे नाव टॉर्पेडो, म्हणजे सुन्न करणारा. पाणबुडीतून सुटणाऱ्या टॉर्पेडोला नाव मिळाले ते या मुक्या माशावरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने जुनाट डोकेदुखीवर जिवंत मासा कपाळावर ठेवण्याचा उपाय लिहून ठेवला. पायाच्या सांधेदुखीवर रोग्याला समुद्रकाठी माशावर पाय ठेवून उभे करायचे आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होऊ द्यायचा. आज वेदना शमवण्यासाठी विजेचे सौम्य झटके देणारी यंत्रे भौतिकोपचार केंद्रांत दिसतात. कल्पना दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

पण ही बधिरता वीज आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कुणी म्हणे मासा थंड विष सोडतो, कुणी म्हणे तो अतिजलद थरथरतो. १७७२ मध्ये जॉन वॉल्श हा इंग्रज गृहस्थ फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात गेला. तेथे त्याने माणसांना साखळीत जोडून उभे केले आणि साखळीची टोके माशाच्या पाठीशी व पोटाशी जोडली. एकाच क्षणी सर्वांना धक्का बसला. झटका तारेतून जातो आणि काचेतून जात नाही, हेही त्याने दाखवले. तरी लोक विचारीत, वीज असेल तर ठिणगी का पडत नाही? त्यावर हेन्री कॅव्हेन्डिश याने १७७६ मध्ये लाकूड आणि कातडे वापरून एक खोटा मासा बनवला, तो वीज साठवणाऱ्या बरण्यांना जोडला आणि खाऱ्या पाण्यात बुडवला. पाण्यात हात घालणाऱ्यांना हुबेहूब माशासारखा धक्का बसला. विजेचा दाब कमी आणि साठा मोठा असेल तर ठिणगी न पडताही जोरदार धक्का बसू शकतो, हे त्यातून कळले.

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० मध्ये जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्यांची चळत रचून सतत वीज देणारे पहिले साधन तयार केले. त्याची तुलना त्याने स्वतःच या माशाच्या अवयवाशी केली आणि आपल्या साधनाला कृत्रिम वीज-अवयव असे म्हटले. आज घड्याळात, रिमोटमध्ये आणि विजेरीत असतो तो सेल त्या चळतीचा वंशज आहे. शिवनसमुद्रावर १९०२ मध्ये वीज तयार होऊ लागली आणि १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. त्याच्या मागे जो लांबचा इतिहास आहे, त्यात वाळूतल्या या माशाचीही एक जागा आहे.

पापणी आणि पाकट

आता या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. पाकटाच्या त्या चकत्या मुळात काय आहेत? त्या स्नायूंच्या पेशी आहेत. कल्ल्यांजवळचे स्नायू उत्क्रांतीच्या ओघात आकुंचन पावणे विसरले आणि फक्त वीज निर्माण करू लागले. आपण पापणी मिटतो तेव्हा मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते. स्नायूवर त्याच्यासाठी कुलपे असतात. रसायन कुलपात किल्लीसारखे बसते, दार उघडते, सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि स्नायू हलतो. लगेच दुसरे एक रसायन येऊन ती किल्ली मोडून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपासाठी कुलूप मोकळे. पाकटातही तंतोतंत हेच घडते. मेंदूचा निरोप येतो, हजारो पेशींच्या एकाच बाजूची कुलपे एकदम उघडतात आणि वीज वाहते. माशाचा झटका आणि आपल्या पापणीची उघडझाप ही एकाच किल्लीने चालते.

माणसाच्या स्नायूत ही कुलपे फार थोडी आणि विखुरलेली असतात. वीज सोडणाऱ्या माशांत ती खच्चून भरलेली. म्हणून विसाव्या शतकात अभ्यासक या माशांकडे वळले. १९७० च्या सुमारास पॅरिसमध्ये झाँ-पिएर शाँजो यांनी ईलच्या अवयवातून हे कुलूप वेगळे काढले. त्यासाठी कुलपाला घट्ट चिकटणारे सर्पविष वापरले, ते तैवानमध्ये चेन-युआन ली यांनी तिथल्या मण्यारीच्या जातीतून शोधले होते. १९७३ मध्ये अमेरिकेत हे कुलूप सशांना टोचल्यावर सशांचे अंग लुळे पडले. पापण्या उतरणे, गिळायला त्रास, हातापायांत दुबळेपणा अशी लक्षणे असणारा मायस्थेनिया हा आजार शरीराने स्वतःच्याच कुलपांवर केलेल्या हल्ल्यामुळे होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८२ मध्ये जपानच्या शोसाकू नुमा यांच्या गटाने टॉर्पेडो माशातील कुलपाच्या एका भागाची संपूर्ण रचना वाचली. किल्ली मोडणाऱ्या रसायनाचे चित्र १९९१ मध्ये इस्राएलमध्ये मिळाले, तेही टॉर्पेडोच्याच अवयवातून.

हे सारे प्रयोगशाळेपुरते राहिले असते तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. पण आपल्या खेड्यापाड्यांतील दोन मोठी संकटे नेमकी याच ठिकाणी येऊन आदळतात.

पहिले नागाचे विष. नागाच्या विषातील मुख्य घटक स्नायूवरच्या कुलपात जाऊन बसतो. खरी किल्ली मग आत शिरू शकत नाही. म्हणून नाग चावलेल्या माणसाच्या आधी पापण्या जड होतात, मग जीभ जड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे एकदा समजले की मांत्रिकाकडे वेळ का घालवू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. दवाखान्यात प्रतिसर्पविष मिळते, किल्लीचे प्रमाण वाढवणारे निओस्टिग्मिन हे औषध दिले जाते आणि गरज पडल्यास यंत्राने श्वास चालू ठेवता येतो. एचएसआर लेआउट ज्या बेंगळुरूत आहे, त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकेतील संशोधकांबरोबर २०२४ मध्ये एक प्रयोगशाळेत घडवलेला प्रतिपिंड जाहीर केला. तो या कुलपाची नक्कल करतो. विष खऱ्या कुलपाऐवजी त्यालाच चिकटते. उंदरांवर तो गुणकारी ठरला. कुलपाचा आकार आधी माहीत नसता तर त्याची नक्कल करण्याचा विचार तरी कुणाला सुचला असता का?

दुसरे संकट कीटकनाशकांचे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे किल्ली मोडणाऱ्या रसायनाला निकामी करतात. मग किल्ल्या साचत जातात, स्नायू थरथरतात, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि श्वास कोंडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. तेथे वापरलेल्या औषधांत या गटातीलही होती. फवारणी करणाऱ्याने तोंडावर आवरण, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, काम झाल्यावर साबणाने अंग धुवावे, ही सूचना डब्यावर बारीक अक्षरात छापलेली असते. घरातल्या शिकलेल्या मुलाने ती मोठ्याने वाचून दाखवावी. त्रास जाणवताच डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, म्हणजे डॉक्टरांना योग्य उतारा लगेच देता येतो.

घरची वीज आणि माशाची वीज

मुलांना हा मासा समजावून सांगताना एक फरक मात्र आवर्जून सांगा. पाकटाचा झटका क्षणभराचा असतो. मासा थकतो आणि थांबतो. निरोगी माणूस त्याने सहसा दगावत नाही. मोठ्या माशाचा धक्का बसून पाण्याखाली भान गेले आणि तो बुडाला तर गोष्ट वेगळी. घरातली २३० व्होल्टची वीज मात्र थकत नाही. तिच्यामुळे हाताचे स्नायू आखडले की तार हातातून सुटतच नाही आणि प्रवाह चालूच राहतो. म्हणून घरात गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण असायलाच हवे. ३० मिलिअँपिअरची गळती होताच ते निमिषार्धात प्रवाह बंद करते. त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. कुणाला धक्का बसलेला दिसला तर आधी मुख्य स्वीच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा, उघड्या हाताने धरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करून १०८ ला फोन लावा.

राहता राहिला बिचारा मासा. बाजारात वीजपाकटाला फारशी किंमत नाही. कोळंबी आणि इतर माशांसाठी तळ खरवडत ओढलेल्या जाळ्यात तो आपोआप सापडतो आणि बहुतेक वेळा टाकून दिला जातो. मादीला एका वेळी थोडीच पिल्ले होतात, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला वेळ लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर रापणीच्या ढिगात गोल, शेपूट आखूड असलेला, निपचित पडलेला चपटा मासा दिसला तर तो मेला आहे असे धरून चालू नका आणि मुलांना त्याला हात लावू देऊ नका. कोरड्या काठीने किंवा फळकुटाने हलकेच सरकवून त्याला पाण्यात जाऊ द्यावे. वाळू मिळाली की तो पुन्हा आपले अंग पुरून घेईल.